दहावी टिचकी

त्या दिवशी सकाळी कंपाउंडर मोठ्या पिशवीच्या चेनला मेणबत्तीचं मेण घासत बसला होता. थंडीत चेन अडकते आणि या पिशवीची चेन अडकून चालत नाही. आजारी माणसाला आत आडवं घालायचं, चेन लावायची आणि पायाने पंप दाबत हवा भरायची. हवा दाटली की आतल्या माणसाला डोंगर उतरून खाली गेल्यासारखं होतं. खिंडीतला रस्ता बर्फाने बंद असला की त्या चौकीवर तेवढाच एक इलाज उरायचा.

पाय मात्र थांबवायचा नाही. मिनिटाला दहा दाब, नाहीतर आतली हवा शिळी होते. वाफेने पिशवीची छोटी खिडकी धुरकटते, तोंड दिसत नाही, म्हणून कंपाउंडरने स्वतःच एक रीत पाडली होती. दर दहाव्या दाबाला आतल्या माणसाने खिडकीवर टिचकी मारायची. टिचकी आली की समजायचं, गडी शाबूत आहे.

गेल्या हिवाळ्यात चौकीचा आचारी याच पिशवीत दगावला. ‘टिचक्या थांबल्या, म्हणून पंप थांबवला,’ असं कंपाउंडरने वहीत लिहिलं. खरं उलटं होतं. पंप दाबता दाबता त्याचा डोळा लागला आणि पाय आधी थांबला. आचाऱ्याच्या बोटात स्टीलची जाड अंगठी होती. टक्… टक्… टक्… झोपेतही ती त्याला ऐकू येत होती. मग ती थांबली. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मेण घासून होतंय तोच मुकादम दारात आला. रस्ता साफ करणाऱ्या टोळीचा हा मुकादम यंदाच वर आलेला, अंगाने रेड्यासारखा, स्वभावाने गरीब.

“साहेब, तुमचा भाऊ उठत नाहीये. खोकतोय नुसता.”

कंपाउंडर मेणबत्ती टाकून उठला. धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. पंधरा दिवस घरी राहून काल संध्याकाळीच वर आला होता. विरळ हवेची सवय व्हायला मधल्या तळावर दोन दिवस थांबायचं, हा नियम त्याने धाब्यावर बसवला होता. कंपाउंडर रागावला तेव्हा हसून म्हणाला होता, “दादा, चार वर्षं याच खिंडीत काढलीत मी. मी काय नवखा आहे?” डोंगर जुनी ओळख ठेवत नाही. पंधरा दिवस खाली राहून आलेला माणूस त्याच्या लेखी नवखाच.

धाकटा बराकीत भिंतीला टेकून बसला होता. ओठ जांभळे, डोळे भरकटलेले. कंपाउंडरने पाठीला नळी लावली. आत बुडबुडे फुटत होते.

हे दुखणं त्याला तोंडपाठ होतं. उंचावर हवा विरळ झाली की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आखडतात. सगळ्या सारख्या नाही, कुठे जास्त, कुठे कमी. मग सगळं रक्त उरलेल्या मोकळ्या वाटांनी जोराने घुसतं, त्यांच्या पातळ भिंती पाझरतात आणि हवेच्या जागी पाणी भरतं. नदी नाही, विहीर नाही, माणूस कोरड्या खाटेवर बुडतो.

ऑक्सिजनचं शेवटचं नळकांडं रिकामं होतं. बाहेर भर सकाळी हाताचा पंजा दिसेना इतका बर्फ कोसळत होता.

“दादा…” धाकटा खोकत म्हणाला, “आईला कळवू नकोस.”

“गप पड. दहाव्या दाबाला टिचकी मार, विसरू नको.”

मुकादमाने त्याला झोपायच्या गोधडीच्या थैलीत गुंडाळून पिशवीत सरकवलं, चेन लावली. कंपाउंडर तोवर दवाखान्याच्या कपाटात पंपाची झडप शोधत होता. तो आला आणि त्याने पाय टाकला. एक, दोन, तीन… दहा.

टक्.

त्याने सुटकेचा श्वास टाकला. “शाब्बास रे!”

“मी दाबतो थोडा वेळ,” बाहेर मशीन बघून परत आलेला मुकादम म्हणाला.

“नको. तू मशीन घेऊन रस्ता मोकळा कर. पंपाला मी कुणाला हात लावू देणार नाही.”

मुकादम गेला. खोलीत पंपाचा सुसकारा उरला, ओल्या रबराचा वास उरला आणि खिडकीबाहेरचा पांढरा उजेड. दहा. टक्. पुन्हा दहा. टक्. टिचकी जरा कडक वाजत होती, नखाची वाटत नव्हती. शर्टाचं बटण लागत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दर तासाला हवा सोडून रोगी तपासायचा, असा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. तास झाला. कंपाउंडरने कागदाकडे पाहिलं आणि पाय चालूच ठेवला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. थांबलेल्या पायाने एक जीव घेतला होता, आता पाय थांबणार नव्हता. दुसरा तास झाला, तिसरा झाला. पोटऱ्यांचे गोळे झाले, घोटा सुजला. टिचकी एकदाही चुकली नाही.

दोनच्या सुमाराला दारात मशीन धडधडत उभं राहिलं. मुकादम आत डोकावला.

“साहेब, रस्ता उघडलाय! तासभर राहील फार तर. चला, घालू गाडीत.”

कंपाउंडर घुटमळला. खाली नेणं हाच खरा उपाय, हे त्याला ठाऊक होतं. पण गाडीत पिशवी मावत नव्हती. पाय थांबवावा लागणार होता.

“सुधारतोय तो. बघ, किती नेमाने उत्तर देतोय. आणखी थोडी ताकद येऊ दे. एवढ्यात काढला तर वाटेतच जाईल.”

मशीनच्या आवाजात मुकादमाला टिचकी ऐकू आली नसावी. त्याने मान हलवली. “तुम्ही जाणते. तुम्ही म्हणाल तसं.”

तो गेला. टक्, असं आतून वाजलं. या वेळी दहा व्हायच्या आधीच, आठव्या दाबाला.

चार वाजता मुकादम परत आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. रस्ता पुन्हा बुजला होता.

“साहेब, एकदा उघडून बघा तरी. तुमचा पाय बघा काय झालाय.”

बुटातून रक्त झिरपत होतं. कंपाउंडरने पाय उचलला. हवा हळूहळू निघून गेली, मेण लावलेली चेन अलगद उघडली.

धाकट्याचे डोळे अर्धे उघडे होते. ओठांवर गुलाबी फेस सुकून खरपुडी झाली होती. कंपाउंडरने त्याची हनुवटी धरली. जीव गेल्यावर दोनेक तासांत जबडा आखडतो; हा नुकताच आखडू लागला होता. म्हणजे दोन वाजता तो जिवंत असावा. हा हिशोब त्याने मनात केला. आईला आता काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

मुकादम रडत रडत थैलीची गाठ सोडू लागला. आत धाकट्याचे दोन्ही हात मफलरने छातीशी घट्ट बांधलेले होते.

“हे… हे कुणी बांधलं?”

“मीच, साहेब. भ्रमात चेन ओरबाडत होता. तुम्ही झडप शोधायला गेला होतात तेव्हा…”

“मग टिचक्या?”

“कसल्या टिचक्या?”

 दोघांनी धाकट्याला उचलून खाटेवर ठेवलं, अंगावर चादर ओढली. पिशवी जमिनीवर सपाट पडली होती. मुकादम दिवा लावायला वळला. सकाळपासूनच्या सवयीने कंपाउंडरचा सुजलेला पाय आपसूक पंपावर गेला आणि दाबू लागला. आठ. नऊ. दहा.

टक्.

मुकादमाच्या हातातली काडी तशीच जळत राहिली. तो उघड्या पिशवीकडे बघत होता.

“साहेब…” तो अगदी हळू म्हणाला, “आत आणखी कोण आहे?”

कंपाउंडरला पाय उचलायचा होता. पण त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली होती.