पाठमोरा पक्षी

मी काचेला नाक लावून उभी होते आणि तो आतून तीच काच पुसत होता, अशी आमची पहिली भेट. फडकं फिरत फिरत माझ्या नाकापाशी आलं आणि थांबलं. फडक्यामागून दोन डोळे दिसले… हसरे. जरा जास्तच हसरे.

दार उघडून तो म्हणाला, "काच पुसायची आहे. नाक बाजूला घेता, की तेही पुसून देऊ?"

एरवी मी चांगलं सुनावलं असतं. पण माझं लक्षच नव्हतं. फ्रेमवाल्याच्या त्या दुकानात, आरसे आणि तसबिरींच्या गर्दीत, एक पिवळट कागद काचेत बसवून टांगलेला होता. त्यावर निळ्या शाईत छापलेला लांब शेपटीचा पक्षी आणि त्याच्या चोचीत फुलांची डहाळी. याच पक्ष्यासाठी मी रद्दीची दुकानं पालथी घातली होती, जुन्या मासिकांचे गठ्ठे शिंकत शिंकत उपसले होते.

"तो पक्षी…" मी म्हटलं. "केवढ्याला द्याल?"

"विकायचा नाही." त्याचं हसू गेलं नाही, पण जरा मागे सरलं. "आईचा आहे. आई आता नाही."

मी ओशाळले. निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. मग तिथेच उंबऱ्यात उभं राहून मी त्याला सगळं सांगून टाकलं.

मला वाढवलं आत्याने आणि हातात सुई दिली तीही तिनेच. आज भरतकामावर माझं पोट चालतं, ते तिच्यामुळे. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने उशांच्या अभ्र्यांची जोडी भरायला घेतली होती. डाव्या उशीवरचा पक्षी उजवीकडे बघणार, उजव्या उशीवरचा डावीकडे, म्हणजे पलंगावर दोघं समोरासमोर. पहिला पुरा झाला आणि दुसऱ्याचा, चोचीत डहाळी असलेल्याचा, मासिकातून मिळालेला नमुना हरवला. तेव्हापासून आतोबा साध्या अभ्र्यावर झोपतात आणि आत्याला चिडवतात, "तुझा पक्षी बघ, अजून माझ्या बाजूला टक लावून बसलाय." आता आत्याची नजर अधू होत चालली आहे. सुईत दोरासुद्धा मी ओवून देते. तिला दिसतंय तोवर मला ती जोडी पुरी करायची होती, येत्या लग्नाच्या वाढदिवसाला.

तो ऐकत राहिला. मग त्याने स्टूल ओढलं, फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि मागचे खिळे काढले.

"न्यायचा नाही. पण इथे बसून उतरवून घ्या. हवा तितका वेळ."

हवा तितका वेळ! खरं सांगते, ते काम एका दुपारचं होतं. मी ते चांगलं लांबवलं. ट्रेसिंग पेपर कागदावर ठेवायचा, पेन्सिलला टोक काढायचं, एक पान उतरवायचं, पुन्हा टोक काढायचं. समोर तो करवतीने पट्ट्या कापायचा. लाकडाचा भुसा त्याच्या भुवयांवर बसायचा आणि मी शेपटीचं एक पीस गिरवायला अर्धा तास लावायची.

"एवढं काय आहे हो त्यात?" एकदा त्याने विचारलं.

"हे देठ बघा. जिथे रेघ वळते तिथे सुईही आपोआप वळते. कुठे धागा तोडावा लागत नाही. ज्याने कुणी हे काढलंय ना, त्याने आधी स्वतः भरून पाहिलं असणार." मी बोलतच सुटले. "आणि हे नुसतं चित्र नाही. शाईची बाजू कापडावर पालथी घालायची, वरून गरम इस्त्री फिरवायची, की पक्षी कापडावर उठतो."

"मग कागदावर काय उरतं?"

"काही नाही. फिकट डाग."

तो कागदाकडे बघत राहिला. "आईने कधी वापरला नाही. नुसता जपला. आणि मी तर काचेतच घातला."

मी पेन्सिलला पुन्हा टोक काढलं.

शेवटी नमुना उतरवून झालाच. मला यायला निमित्त उरलं नाही, त्याला थांबवायला. "या कधीतरी," तो म्हणाला. "काच पुसून ठेवतो." मी हसले आणि घरी येईपर्यंत रडवेली झाले.

पक्षी कापडावर घेऊन मी भरायला बसले. देठ टाक्याने डहाळी, साखळी टाक्याने शेपटी, पंखावर भरीव टाका. मान आणि चोच पुरी झाल्यावर आत्यापुढे दोन्ही अभ्रे शेजारी शेजारी मांडले. तिने डोळे बारीक केले, बोटाने चोच चाचपली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अगं, हा तर पाठ फिरवून बसलाय!"

मी पाहिलं. दोन्ही पक्षी उजवीकडे बघत होते. इस्त्रीचा नमुना कागदावर उलटा छापलेला असतो, कापडावर उठताना तो सुलटा होतो. हे मी शिकणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. आणि मीच कागदावरचा पक्षी जसाच्या तसा उतरवला होता!

"उतरवताना तू कागदाकडे बघत होतीस, की आणखी कुठे?" आत्याने विचारलं. माझे कान तापले. "उसवू नकोस हो हा. चांगला भरलायस. आता दुसरा कर."

दुसऱ्या दिवशी कोरा अभ्रा आणि तो पाठमोरा पक्षी पिशवीत घालून मी दुकानात गेले. दार ढकलताच झालेला घोटाळा एका दमात सांगितला.

त्याने पट्टी खाली ठेवली. "पण मग ट्रेसिंग पेपर पालथा घातला असता, तरी पक्षी फिरला असता ना?"

"हो."

"तो तर तुमच्या घरीच आहे."

"हो."

"मग… आलात कशाला?"

मी त्याच्या भुवईवरच्या भुशाकडे बघत म्हटलं, "कारण मला यायचं होतं."

तो भुवई पुसत हसला. मग आत गेला आणि तो कागद घेऊन आला. तो फ्रेममध्ये परत घातलेलाच नव्हता.

"तुमच्या घरचा पत्ता विचारायला विसरलो, नाहीतर मीच आणून देणार होतो," तो म्हणाला. "आईने कशासाठी जपला होता, ते आता कळलं. काचेत ठेवायला नक्कीच नाही."

"अहो, पण तो कोरा होईल…"

"होऊ दे."

फ्रेममध्ये घालायच्या कापडाच्या सुरकुत्या काढायला दुकानात इस्त्री होतीच. मी अभ्रा पसरला, कागद पालथा घातला. शाई इतकी जुनी, उठेल की नाही? मी इस्त्री दाबली. आणखी जोर हवा म्हणून त्याने माझ्या हातावर आपला ठेवला. जोर पुरला, तरी तो उचलला नाही. हळूच कागदाचं टोक उचललं… आणि निळा पक्षी, स्वच्छ, डावीकडे बघणारा! त्याने रिकामा कागद उजेडाकडे धरला. डोळे भरले होते, तरी हसत होता.

"आणि हा?" माझ्या पिशवीतला पाठमोरा पक्षी त्याने बाहेर काढला. "हा कुणाकडे बघणार?"

"याला जोड करावी लागेल."

"मला शिकवशील?"

वाढदिवसाला आतोबांनी भरलेल्या अभ्र्यावर डोकं टेकलं आणि म्हणाले, "आलो बाई एकदाचा तुझ्या पक्ष्याच्या समोर." आत्या रडली, हसली, पुन्हा रडली.

आमच्या जोडीतला दुसरा पक्षी तो भरतोय. ट्रेसिंग पेपर मी स्वतः पालथा घालून दिला. तो बोटाला सुई टोचून घेतो, जीभ बाहेर काढून दोरा ओवतो. शेपटी वाकडी झाली आहे, चोच तर विचारूच नका. "उसवून पुन्हा करू का?" तो सारखा विचारतो.

मी त्याला एकही टाका उसवू देत नाही.