आंघोळीला गेलेला रोक्को

विमान इटलीतल्या बारी शहरात वेळेवर उतरलं. फिलोमेनाने बॅग ओढत स्टेशन गाठलं, यंत्रात घालून तिकिटावर शिक्का उठवला आणि गावाकडे जाणारी दोन डब्यांची गाडी पकडली. पोचल्यावर तिला एकच काम होतं. कोझिमो आणि त्याची बायको नुंत्सिया यांना सांगायचं, की रोक्को आता नाही.

रोक्को, तिचा नवरा, मार्चमध्ये टोरांटोत वारला. आता ऑगस्ट होता. दर रविवारी या जुन्या मित्रांचा फोन यायचा, रोक्को कुठाय म्हणून विचारायचे, आणि ती म्हणायची, "आंघोळीला गेलाय." शेवटी कोझिमो वैतागला, "अगं, हा माणूस आहे का मासा?" तीही हसली होती. गावात कळलं असतं, तर संध्याकाळपर्यंत चौकातल्या भिंतीवर निधनाच्या पत्रकावर काळ्या चौकटीत त्याचं नाव लागलं असतं. जगात निदान एका ठिकाणी तो अजून जिवंत होता. तेवढं ठिकाण तिला राखायचं होतं.

भर दुपार होती. या वेळी इथे कुत्रंही सावली सोडत नाही. ज्यांना सावलीच नाही ते मेलेलेच काय ते फिरतात, असं म्हणायची पद्धत आहे. बाहेर ऑलिव्हची झाडं उन्हाने पांढरी पडली होती. चाकं झोपेत बडबडल्यासारखी वाजत होती. समोर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी येऊन बसली. फडकं सोडून तिने अंजिरं पुढे केली. रीतीप्रमाणे फिलोमेना दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा एक उचललं.

"नवऱ्यालाही दे की."

"कुठल्या... नवऱ्याला?"

"भांडलात वाटतं." म्हातारीने फिलोमेनाच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून मान डोलावली. "आमचाही असाच. रुसला की गप्प. खिडकी तरी लाव, पोरी. त्याच्या मानेवर वारा येतोय."

फिलोमेनाने निमूट खिडकी लावली. डबा भट्टीसारखा तापला. शेजारची गादी मात्र हाताला गार लागली... आणि साबणाचा वास आला. पाच महिने आंघोळ करणाऱ्या माणसाला येईल, तसा दाट.

गाडी मंदावली. "बघ, थांबायच्या आधीच दाराशी गेला," म्हातारी म्हणाली. "घाई किती ती!"

फलाटावर कोझिमो आणि नुंत्सिया पोट धरधरून हसत होते.

"नवऱ्याला काय पढवून आणलंस गं!" नुंत्सियाने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "तुझ्याआधी उतरला आणि म्हणतो कसा, मी मार्चमध्ये मेलो, फिलोला सांगवत नाहीये, तिला छळू नका!"

"आणि चेहरा असा गंभीर!" कोझिमोने डोळे पुसले. "मी म्हटलं, गाढवा, मेलास तर मेलास, भूक लागलीय का ते बोल. लागलीय म्हणाला. किल्ली दिली, गेला पुढे घरी."

फिलोमेनाने बॅग खाली ठेवली. पाच महिने अडलेलं वाक्य आता हलकं झालं होतं. एका बाजूने कुणीतरी ते उचलून धरलं होतं.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "मीच पुरलं त्याला."

हसू कोझिमोच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरवायला विसरल्यासारखं. नुंत्सियाने फिलोमेनाचा हात घट्ट धरला. गाडी निघून गेली. तिघं उन्हात उभी राहिली.

मग नुंत्सिया पुटपुटली, "घरात... सासूबाई एकट्या आहेत."

तेवढ्यात कोझिमोचा फोन वाजला. त्याची आईच होती. कानाने अधू, त्यामुळे तिचं बोलणं फलाटभर ऐकू आलं.

"अरे, कुठे राहिलात? पास्ता पाण्यात टाकू का? रोक्को केव्हाचा आलाय. आणि तुझे बाबाही आलेत त्याच्याबरोबर. आल्याआल्या म्हणतात, पाण्यात मीठ कमी आहे!"

कोझिमोच्या बाबांना पुरून वीस वर्षं झाली होती.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "तू... बाहेर ये बघू."

"बाहेर कशी येऊ? दारात गर्दी झालीय. सगळे ओळखीचेच. तू एवढंच सांग, किती जणांचा टाकू?"