राखणदाराची विडी

विचारलंत म्हणून सांगते. मेघनाच्या कानावर मात्र यातलं काही घालू नका.

घोडपदेवला आमच्या दोन खोल्या आहेत, भिंतीला भिंत लागून. एकीत मी आणि आमचे हे, दुसरीत धाकटे दीर निलेश आणि त्यांची बायको मेघना. मागे सासऱ्यांच्या नावावरची चिंचोळी मोकळी जागा. दोन्ही खोल्यांची मागची दारं तिथंच उघडतात. यंदा एप्रिलात तिथं छातीएवढं रान माजलं होतं. वाळकं गवत, घाणेरी, एरंड. पलीकडच्या प्लॉटवर गवत पेटलं तेव्हा अग्निशमनवाले आमच्याकडेही डोकावले. "लवकर साफ करून घ्या, एका ठिणगीत खोल्या जातील," म्हणाले. रविवारी सगळ्यांनी मिळून कापायचं ठरलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. त्या जागेच्या मधोमध एक दगड आहे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गावाहून आणलेला. तो जागेचा राखणदार. रानाला कोयती लावायच्या आधी त्याला गाऱ्हाणं घालायचं आणि पुढे पेटती विडी ठेवायची. मामंजी यात फार शिस्तीचे. आधी दगडाभोवतीचं गवत हाताने उपटायचे, जमीन भिजवायचे, मगच आपल्या ठेवणीतल्या काडेपेटीने विडी पेटवायचे. ती विझेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

त्यांच्यानंतर हा मान थोरल्या सुनेचा. थोरली मी. बावीस वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी केलं. आणि जाताना म्हाताऱ्याने ती काडेपेटी दिली कुणाला? मेघनाला! म्हणे, "हिच्या हाताक घाई नाय." घाई नसती तर दोन घरांचं कुणी रांधलं असतं? ती हॉस्पिटलात नर्स, गोड बोलणारी, तिचं सगळीकडे कौतुक. ती काही बोलली की आमचे हेसुद्धा हसतात, आणि मी बोलले की पेपर उघडतात. कशाला खोटं बोलू, मला तिचं बघवत नव्हतं.

गुरुवारी मेघना रात्रपाळी करून आली आणि झोपली. पुरुष कामावर गेलेले. मी म्हटलं, रविवारची वाट कशाला बघायची? मान आपणच घेऊन टाकू, मग बसू दे तिला काडेपेटी कुरवाळत. कोपऱ्यावरून विडी आणली. बादली भरून दाराशी ठेवली, तेवढी अक्कल होती. बाराचा सुमार. पान हलत नव्हतं. एरवी खोल्यांच्या कौलांवर कावळे असतात, त्या दिवशी एकही नव्हता. गवतातून चालताना नुसती करकर, आणि उन्हाने तापलेल्या घाणेरीचा तो उग्र वास.

विडी पेटवून दगडापुढे ठेवली. "बा राखणदारा, सगळ्यांक सुखी ठेव," एवढं पुटपुटले आणि वळले. गवत उपटलं नाही, जमीन भिजवली नाही, बसले तर नाहीच. मेघना उठायच्या आत आटपायचं होतं ना.

दारापर्यंत आले तर मागून सर्रर्र आवाज आला.

गवत पेटलं होतं. ज्वाळा माझ्याकडे नाही, मेघनाच्या दाराकडे निघाल्या होत्या. मी बादली उचलली...

आणि उभी राहिले.

नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं. जीभ हलली नाही. मनात आलं... आता सांगतेच... मनात आलं की ही नसली तर काडेपेटी माझ्याकडेच येईल. घाणेरीचं एक झुडूप पेटलं. दुसरं पेटलं. मी बघत होते.

तेवढ्यात विडीचा वास आला. गवताच्या धुराचा नव्हे हो, विडीचा, अगदी मानेजवळ. कुणीतरी खोकलं. ओळखीचा, खरखरीत खोकला.

"थोरले... कसली वाट बघतंस गो?"

मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी किंचाळले, बादली ओतली. मेघना धडपडत उठली, तिनेही पाणी मारलं. आग तिच्या उंबऱ्यापाशी विझली. ती माझ्या गळ्यात पडून रडली. "वहिनी, तुम्ही नसता ना, तर मी झोपेतच गेले असते!"

ठिणगी बाहेरून आली असणार असं सगळे म्हणाले. मी मान डोलावली. रविवारी रान साफ झालं, काडीही उरली नाही. मग दिरांनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले, आणि मेघनाने काडेपेटी माझ्या हातावर ठेवली. "मान तुमचाच, वहिनी." जे हवं होतं ते सगळं मिळालं बघा.

सोमवारी दुपारी बाराला माझ्या मागच्या उंबऱ्यावर पेटती विडी होती. आमच्याकडे कुणी विडी ओढत नाही. मंगळवारी ती आत मोरीजवळ होती. काल पलंगाच्या पायाशी. पाणी टाकलं की विझते. विडीला मी भीत नाही.

मी भिते मेघनाच्या बाजूच्या भिंतीला. विडी दिसली की पलीकडे नळ सुटतो. बादली भरते. नळ बंद होतो, बादलीची कडी वाजते, कुणीतरी ती उचलतं. आणि मग काही नाही. पाऊल नाही, हाक नाही. काल धावत जाऊन पाहिलं, तर मेघना गाढ झोपलेली आणि तिची बादली कोरडी.

आज दुपारी काडेपेटी उशाखाली ठेवून जागी राहणार होते. पण डोळा लागला. केस जळल्याच्या वासाने जागी झाले तर विडी उशीवर, कानाजवळ. पलंगाशी भरून ठेवलेली बादली जागेवर नव्हती. हातानेच विझवली, हा बघा फोड. आणि पलीकडे कडी वाजली.

मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "मेघना... कसली वाट बघतेस गं?"

पलीकडून तोच खरखरीत खोकला आला.