तळव्याखालचा आवाज

मी कान तपासते. डॉक्टर नव्हे. डॉक्टरांनी पाठवलेल्या माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून एकेक सूर सोडायचा. ऐकू आला की माणूस बटण दाबतो, मी कागदावर खूण करते. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे ऐकू येणं आणि ऐकू आल्यासारखं वाटणं यातला फरक आपल्याला कळतो, असं मी समजत होते.

त्रेपन्नाव्या वर्षी मी डबल बास शिकायला लागले. माणसापेक्षा उंच, चार जाड तारांचं, उभ्याने वाजवायचं लाकडी धूड. धाकटी बहीण म्हणाली, "जिना चढताना गुडघे धरतेस, आणि आता हे घोडं दाराशी बांधणार?" मी हसण्यावारी नेलं. खरं कारण तिला सांगितलं असतं तर ती रडली असती.

कारण म्हणजे हे, माझे यजमान. बॉयलरच्या कारखान्यात तीस वर्षं हातोड्यांच्या आवाजात काढली आणि कान गेले. आधी वरचे सूर जातात, मग मधले, खालचे सगळ्यात शेवटी. यंत्र कानाला लावून काही उपयोग राहिला नव्हता. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते साधं पाणी मागायचे तेही गल्लीत आरोळी दिल्यासारखं. मी वहीत लिहून उत्तर द्यायचे. चार वर्षांत अशा दीडशे पानांच्या अकरा वह्या भरल्या होत्या. एकदा वाचनात आलं की या वाद्याचा सगळ्यात खालचा सूर कानापेक्षा अंगाला जास्त लागतो. तेवढ्यावर मी संगीतवर्गाची पायरी चढले.

शिकवणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची होती. ती मला ताई म्हणायची, मी तिला बाई. वर्गाच्या मागच्या खोलीत सहा बास ओळीने उभे होते. तिने मला सगळ्यात जुना दिला. "याचा खालचा सूर चांगला आहे. घरी नेलात तरी चालेल. हा फारसा कुणी नेत नाही."

पहिले आठ दिवस नुसतं गज कसा धरायचा तेवढंच. अंगठा दुखायचा, गजाला लावायच्या राळेच्या भुकटीने कपडे पांढरे व्हायचे आणि सूर निघायचा तो जड कपाट फरशीवरून ओढल्यासारखा. दुसऱ्या आठवड्यात हे मला न्यायला आले, दारात उभे राहिले आणि एकदम पायांकडे बघायला लागले. मग आत आले, माझ्या मागून हात घालून बासच्या पाठीवर तळवा ठेवला.

"हे ऐकू येतंय मला," ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी गज खाली ठेवला नाही. हात भरून आला तरी वाजवत राहिले.

बास घरी आला. रोज संध्याकाळी सहा वाजता, ऊन खिडकीतून कलायच्या वेळी, मी उभी राहायची आणि हे मागे स्टुलावर बसून तळवा टेकवायचे. उभ्या जन्मात यांनी शिट्टीही सुरात वाजवली नव्हती. पण महिन्याभरात माझ्या चुका काढू लागले. "वर गेलीस. खाली ये." मी बोट सरकवलं की खरंच सूर जुळायचा. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर आम्ही पुन्हा एकमेकांच्या ओढीने घरी यायला लागलो होतो, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

एका रविवारी बास पुसताना मला पाठीवर एक डाग दिसला. लाकडावरचं रोगण तेवढ्या भागात पार झिजून गेलं होतं. पाच बोटं, अंगठा बाहेर. वाजवणाऱ्याचा हात तिथे कधीच जात नाही. मी यांना बोलावून दाखवलं. त्यांनी हात ठेवला. रेघेला रेघ जुळली.

बाईला विचारलं तर ती गजाचा स्क्रू पिळत म्हणाली, "जुनं वाद्य आहे, ताई." माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात हे म्हणाले, "वाजवताना बोलत जाऊ नकोस. सुराकडे लक्ष राहत नाही तुझं."

मी वहीत लिहिलं, *मी बोलत नाही. मनात मात्रा मोजते.*

त्यांनी वाचलं आणि हसले. "अगं, तुझा आवाज मी ओळखणार नाही होय? थोडा तरुण आहे, एवढंच."

मी ते मनावर घेतलं नाही. कान गेलेल्या माणसाचा मेंदू रिकामा बसत नाही. कुणाला घंटा ऐकू येतात, कुणाला गेलेल्या आईची हाक. रोज कुणीतरी मला हे सांगतं आणि मी त्यांना घाबरू नका म्हणते. त्यात यांना आवाज ऐकू यावा तो माझा, याचं मला आत कुठेतरी बरंच वाटलं.

आणखी पाच-सहा दिवसांनी जेवताना त्यांनी हात थांबवला.

"दोन वर्षं तू मला माझ्या कानांचा खोटा आलेख दाखवलास."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

कारखान्यातले लोक दरवर्षी आमच्याकडेच तपासणीला येत, हेही येत. एका वर्षी यांचे कान बरेच उतरलेले दिसले. तसं लिहिलं असतं तर यांना शेडमधून उचलून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं असतं, आणि ते यांच्या लेखी जिवंतपणी मरण होतं. काचेपलीकडे बसून हे माझ्याकडे बघत होते. कान होते त्यापेक्षा बरे दिसावेत म्हणून मी खुणा थोड्या वर केल्या. पुढच्या वर्षीही केल्या. तिसऱ्या वर्षी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. कागदावर नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही.

वही ओढून मी लिहिलं, *कुणी सांगितलं?*

"तूच," ते म्हणाले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "रागावलो नाही मी. किती मऊ सांगितलंस."

दुसऱ्या दिवसापासून मी वाजवणं बंद केलं. बोटाला फोड आलाय असं कारण दिलं. सहा वाजले, हे आपले स्टुलावर जाऊन बसले, तळवा टेकवला आणि मान किंचित वाकडी केली. माणूस पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकताना करतो तशी.

मी चारही तारांवर हात ठेवला. तारा गार आणि स्तब्ध होत्या.

दवाखान्यातून कंपन मोजायचं यंत्र घरी आणलं. त्यांच्या बोटांशेजारी त्याचा चिमटा लावला. फ्रिज सुरू झाला की काटा हलायचा, खालून ट्रक गेला की हलायचा. बाकी काही नाही. हे मात्र मधूनच हसत होते, "हो, हो, आठवतंय," म्हणत होते.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "काय ऐकताय?"

त्यांनी डोळे न उघडता मला थोपवलं.

"थांब जरा. तू बोलतेयस."

त्यानंतर त्यांनी वही वापरणं सोडलं. मी लिहून पुढे धरलं तर नजर फिरवून बाजूला ठेवायचे, जसं काही आमचं त्या विषयावर आधीच बोलणं होऊन गेलंय. सकाळी उठून स्टुलावर, दुपारी स्टुलावर. एकदा मी वहीचं अख्खं पान भरेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, *ती काय सांगते?*

त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना माझी कीव आलेली दिसली.

"ते तुला सांगू नका म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करत असताना मी दोन हमाल बोलावले आणि बास वर्गात पोचवला. बाईने कारण विचारलं नाही. मागच्या खोलीतले पाचही बास भिंतीकडे तोंड करून ठेवलेले होते. हा एकच तिने उलटा ठेवला, पाठ भिंतीला घट्ट टेकवून, आणि मग हात पुसले.

"पुन्हा याल ना, ताई?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं.

घरी आले तेव्हा हे रिकाम्या कोपऱ्यासमोर उभे होते. मी भांडणाच्या तयारीनेच आले होते. ते भांडले नाहीत. स्टूल उचलून स्वयंपाकघरात ठेवलं आणि पेपर वाचत बसले.

चार दिवस शांततेत गेले. ते जेवले, फिरून आले, वहीतही एक-दोनदा बघितलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी ओट्याशी भांडी विसळत होते. हे मागून आले. त्यांचा तळवा माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध टेकला.

किती दिवसांनी त्यांनी मला असा हात लावला होता. मी नळ बंद केला आणि किंचित मागे रेलले.

समोरच्या खिडकीच्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले. मान जराशी वाकडी.

मी तोंड मिटून उभी होते.

त्यांनी मान हलवली. मग बोलले, आरोळी देऊन नाही, चार वर्षांत प्रथमच, अगदी हळू.

"नाही. तिला अजून काही कळलेलं नाही."

मी श्वास रोखून धरला.

त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली. त्यांनी तळवा दोन बोटं खाली सरकवला आणि जरा जास्त दाबून धरला, नीट ऐकू यावं म्हणून.