अडीच किलोचा जोर

बसा, सांगतो. मी हत्यारांचा मिस्त्री. बंदूक आपोआप सुटली, असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. आपोआप सुटायला ती काय बुटाची नाडी आहे?

त्या दुपारी आमच्या कचेरीच्या साहेबांनी एक बंदूक तपासायला आणली. गोदामाचा पहारेकरी तिच्याच गोळीनं गेला होता. तेव्हा गोदामाच्या खोलीत तो आणि साहेब, दोघंच. अहवाल तयारच होता: 'पहारेकऱ्याच्या हातून पडून सुटली, चूक त्याचीच.' खाली फक्त माझी सही हवी होती.

बाहेर त्याची बहीण बसली होती. मी आत जाताना एवढंच म्हणाली, "दादा, माझा भाऊ हलगर्जी नव्हता हो. खरं काय ते लिहा."

बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग रबरावर, लाकडावर, फरशीवर, चाळीस वेळा पाडली. चढवलेला घोडा एकदाही पडला नाही. शेवटी शिकंज्यात आवळून चापाला जोर मोजायचा स्प्रिंगकाटा अडकवला आणि ओढला. अडीच किलोचा जोर लागला, तेव्हा कुठे चाप दबला. पुन्हा मोजायचं म्हणून घोडा चढवून ठेवला.

"साहेब, ही पडून सुटायची नाही. हिला बोटच लागतं."

"सही कर. उगाच शहाणपणा नको."

"जमायचं नाही."

"आण इकडे! मीच करतो."

साहेब पेन काढून बसले आणि खोलीतला आवाजच गेला. पंखा फिरत होता, पण ऐकू येईना. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास नाकात शिरला. पेन कागदाला टेकलं, तसा चापाला लटकलेला काटा सरकला. अर्धा किलो… एक… मी चार हात लांब उभा होतो, आईशप्पथ.

"साहेब… पेन उचला."

"तू… तू हात लावतोयस?"

"नाही…"

त्यांनी पेन उचललं. काटा उतरला. मग दात आवळून त्यांनी एका दमात सही ओढली. काटा थेट अडीचवर.

खट्.

रिकामी बंदूक, तरी साहेब छाती दाबून खुर्चीतच वाकले. मग कागद उचलून निघून गेले. माझी तर पाचावर धारण बसली होती. तरी माझा वेगळा अहवाल लिहिला, 'बोटाशिवाय सुटत नाही', आणि त्याची प्रत बहिणीच्या हातात दिली. ती रडली. मलाही आवरलं नाही.

साहेब आजारी रजेवर गेलेत, असं कचेरीत सांगतात. परवा त्यांची बायको माझ्याकडे आली. साहेब बरे आहेत का, मी विचारलं.

"बोलतच नाहीत," ती हळूच म्हणाली. "पण भाऊ… तो पहारेकरी तुम्ही पाठवलाय का? आठवडा झाला, दाराबाहेर उभा असतो. पाणी दिलं तरी घेत नाही. आणि कालपासून… कालपासून तो दाराच्या आत उभा आहे."