तेरड्याची साक्ष

"बघू या, आमचा रेडिओ घरापर्यंत बंद राहतो का!" प्रांजल खिदळली.

मनस्वीनं नुसते डोळे वटारले. बोलणार कशी? तिच्या हातांत धबधब्याकाठच्या तेरड्याची जुडी होती. तीच गौर! पाण्यापासून उंबऱ्यापर्यंत तिला मुक्यानं न्यायचं, ही आत्याच्या घरची रीत. एक शब्द निसटला, की पुन्हा पाण्यावर जायचं! गणपतीच्या सुट्टीत उरणहून आलेल्या मनस्वीनं यंदा हा मान हट्टानं मागून घेतला होता.

सोबत आत्याचा कल्पेश आणि त्याच्या वर्गातली, शेजारच्या विचुंबे गावची प्रांजल. सकाळी तिघं मागच्या धारेनं डोंगर चढले, सोनकीनं पिवळ्या झालेल्या पठारावर डबा खाल्ला आणि धबधब्यावरून आता गावच्या वाटेनं उतरत होते.

वळण घेतलं आणि तिघं थबकलेच! वाटेत धोंड्यांचा ढीग, वर फळी : 'दरड कोसळली. रस्ता बंद.'

"पंधरा दिवस झाले," शेजारच्या कुंपणाआडून आवाज आला. पर्यटकांसाठीच्या नव्या कॅम्पचे मालक, शैलेशशेठ! "आता धबधब्याला जा-ये माझ्या गेटातून. तिकीट काढायचं!"

"गौरीलापन तिकीट?" कल्पेश भडकला. "आमची वाट हाय ही!"

"होती! आता दरडीची आहे." भर पावसात गावातलं कुणी या वाटेला फिरकलंच नव्हतं; खोटं कसं म्हणणार?

मनस्वीनं जुडी घट्ट धरली. गावची गौर दुसऱ्याच्या गेटातून? मुळीच नाही! तेवढ्यात एका धोंड्याखाली तिला काहीतरी गुलाबी दिसलं. तिनं कल्पेशला कोपर मारलं.

"काय गो? विंचू?"

तिनं मान हलवली. पायानं धोंडा दाखवला, मग हातातली जुडी.

"दमलीस? धोंड्यावर बसायचंय?" प्रांजलनं विचारलं.

मनस्वीनं कपाळावर हात मारला! पुन्हा जुडी, पुन्हा धोंडा.

"ए पोरी, मुकी आहेस का? तोंडानं बोल!" शेठ खेकसले.

शब्द अगदी ओठांवर आले होते. मनस्वीनं ते गिळले, गौर छातीशी धरली आणि ती ढिगासमोर ठाण मांडून उभी राहिली.

कल्पेशनं वाकून धोंडा उलटला. खाली चेंगरलेला तेरडा, पण फुलं अजून टवटवीत!

"शेट," तो ओरडला, "पंधरा दिस धोंड्याखाली तेरडा कुजून काला झाला असता! ह्यो आज चेंगरलाय!"

"आणि दरड कुंपणाला न शिवता बरोब्बर वाटेवरच बसली?" प्रांजलनं मोबाइल काढून फोटो टिपले.

"पोरांनो, ते... तात्पुरतं..." शेठ अडखळले. पण ढिगाच्या पलीकडून, गावातून गौरी आणायला निघालेल्या बायका येऊन पोचल्याच होत्या, आणि पुढे होत्या गावातल्या जाणत्या भीमाबाई!

"ऐकलं आमी सगलं," त्या म्हणाल्या. "गौरीची वाट अडवलीस, शेट? आता तुझ्याच हातानं मोकली कर!"

घामाघूम शेठनी धोंडे बाजूला केले. भीमाबाईंनी मनस्वीच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "बोलली नाय पोर, पन शेटची बोलती बंद केली!"

बायका हसल्या. मनस्वी ओठ घट्ट मिटून पुढे निघाली.

दारात कमळाआत्यानं तिच्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं आणि विचारलं, "गौर आली, ती कुठल्या वाटेनं?"

उंबरा ओलांडून मनस्वी दणदणीत ओरडली,

"आमच्याच वाटेनं!"