मथुराची सोनामुखी

मथुरा वैदीण चौकीच्या बाकावर बसली होती. साडी फाटलेली, उजवं मनगट सुजून टम्म. बाहेर गावातली मंडळी ओरडत होती, "हिनं भागोजीला इख घातलान!" मेडिकलवाला अनिल सगळ्यांच्या पुढे होता.

फौजदार राजश्री सुर्व्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकट्या म्हातारीवर तुटून पडलात, आणि वर तक्रार द्यायला आलात?"

म्हातारा भागोजी पोट फुगून रत्नागिरीला इस्पितळात पडला होता. वाचला तर ठीक, नाहीतर मथुरावर खुनाचा ठपका.

"मथुराबाई, काय दिलं होतं त्याला?"

"सोनामुखीचं चूर्ण. कित्येक वर्षं घेतोय. रोज पोट साफ. आताच काय झाला, मला कळत नाय."

"त्याच डब्यातलं आणखी कुणी घेतं?"

"शेजारचा धोंडू."

धोंडू बाहेरच बोंबलत होता. राजश्रीने त्याला आत ओढलं.

"तुझं पोट कसं आहे?"

"साफ हाय," तो पुटपुटला.

म्हणजे चूर्ण तेच, मग भागोजीच्या पोटातच काय निराळं होतं? राजश्री तडक त्याच्या घरी गेली. बायको हौसा दारात रडत बसली होती.

"चूर्णाखेरीज त्यांनी काय घेतलं?"

"खोकला झालेला. अनिलनं गोळ्या दिल्यान. शक्तीच्या हायत बोलला."

"कुठायत त्या?"

"पोट फुगलं तसा तोच धावत आला नि उरलेल्या घेऊन गेला. डॉक्टरना दाखवतो बोलला."

राजश्रीने इस्पितळात फोन लावला. डॉक्टरांना कुणीही काही दाखवलं नव्हतं.

"एकही राहिली नाही, मावशी?"

"देवाकडची हाय की."

नवं औषध घरात आलं की त्यातलं पहिलं हौसा देवाच्या फळीवर ठेवायची, गुण यावा म्हणून. तिथे एक लालपिवळी कॅप्सूल होती. राजश्रीने ती इस्पितळात नेली. डॉक्टरांनी तिच्यावरची अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला.

चौकीवर परतल्यावर राजश्रीने सगळ्यांना समोर उभं केलं.

"सोनामुखी नुसती गिळून जुलाब होत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू तिला फोडतात, तेव्हा कुठे तिच्यातून खरं औषध तयार होतं. धोंडूच्या पोटात ते जंतू शाबूत होते. भागोजीचे मेले, कारण शक्तीची गोळी म्हणून ह्या अनिलने त्याला जंतू मारणारं अँटिबायोटिक चारलं. तेही चिठ्ठीशिवाय! मग चूर्ण नुसतंच पोटात पडून राहिलं आणि वर्षानुवर्षं त्याच्याच जोरावर चालणारी आतडी तुंबली."

अनिल पांढराफटक पडला. "मॅडम, असं होतं हे मला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, तर गोळ्या लपवल्यास कशाला? डॉक्टर विचारतील म्हणून घाबरलास. स्वतःवरचा ठपका टाळायला विषाची बोंब मारलीस आणि ह्या बाईला मार खायला लावलास. चल आत!"

गर्दी हळूच मागे सरकू लागली.

"कुठे निघालात?" राजश्री कडाडली. "डॉक्टर म्हणतात, भागोजी वाचेल. तुमचा हिशोब अजून बाकी आहे. मथुराबाई, कोणी कोणी मारलं?"

धोंडू हात जोडून पुढे आला. "मथुराक्का, जाऊ दे ना. आपल्याच गावची माणसं."

"लाथा घालताना मी कुठच्या गावची व्हते रे?"

राजश्रीने हवालदाराला लिहून घ्यायला सांगितलं. मथुराने पहिलं नाव आपल्या सख्ख्या पुतण्याचं घेतलं.